तुम्ही विचारलेत म्हणून : त्याच त्या वळणांवर दिवसभर काय शिकता?

मी वर्षातून तीन-चार दिवस माझी मोटरसायकल घेऊन रेसट्रॅकवर जाते हे कळल्यावर समोरचा माणूस जो प्रश्न विचारतो, त्याचे शब्द थोडेफार बदलतात, पण रोख बदलत नाही. शर्यत नाही, बक्षीस नाही, कुठे पोहोचायचेही नाही. मग त्याच त्या वळणांवर दिवसभर घिरट्या घालून तुम्ही नेमके काय शिकता? काही जण संकोचत पुढचेही विचारतात, की अशाने रस्त्यावरही वेगाची चटक लागत नाही का? दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय संपवते आणि उत्तर अपुरे राहिल्याची रुखरुख मलाच लागून राहते. म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

ट्रॅक डे म्हणजे हौशी चालकांसाठी रेसट्रॅक खुला केलेला दिवस. अनुभवानुसार साधारणपणे तीन गट पाडतात आणि प्रत्येक गटाला तासातून एकदा पंधरा ते वीस मिनिटांचे सेशन मिळते. सकाळी गाडीची तपासणी होते, झेंड्यांचे अर्थ समजावले जातात, नवख्यांच्या गटाला कुठे ओव्हरटेक करायचे आणि कुठे अजिबात करायचे नाही हे बजावले जाते. आरसे काढतात किंवा झाकतात, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे गाडी पडलीच तर काचेचे तुकडे ट्रॅकभर पसरत नाहीत. अनेक ठिकाणी रेडिएटरमधले कूलंट काढून साधे पाणी भरायला लावतात, कारण सांडलेले कूलंट निसरडे असते आणि पाण्यासारखे चटकन वाळत नाही. आरसे नसणे मला सुरुवातीला फार अस्वस्थ करीत असे. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जायचे आणि पुढच्याने फक्त पुढे पाहायचे, हा नियम अंगवळणी पडायला मला दोन सेशन लागली.

रस्त्यावरचे वळण आपल्या वाट्याला एकदाच येते. ते थोडे चुकले, गाडी जरा बाहेर गेली, छातीत धस्स झाले, तरी पुढच्या क्षणी दुसरेच वळण समोर असते आणि चूक कशात होती हे तपासायची सोय नसते. उद्या त्याच रस्त्याने गेलात तरी वाळू वेगळी, रहदारी वेगळी, ऊन वेगळे. ट्रॅकवर मात्र दिवसभरात सहा सेशन मिळाली आणि एका फेरीला दोन-सव्वादोन मिनिटे लागली, तर तेच वळण पन्नासच्या आसपास वेळा समोर येते. तोच उतार, तेच डांबर, आणि समोरून कोणी येणार नाही याची खात्री. मग बाकी सगळे तसेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. गाणारा माणूस एखादी जागा गळ्यावर चढेपर्यंत घोटत राहतो, त्याला कोणी विचारत नाही की तेच ते का गाता.

पहिल्या ट्रॅक डेला गेले तेव्हा मी अठरा वर्षे मोटरसायकल चालवत होते आणि आपल्याला ती चांगली चालवता येते याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. दुसऱ्या सेशननंतर प्रशिक्षकांनी ट्रॅकचा नकाशा छापलेला एक कागद आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "अकरा वळणे आहेत. प्रत्येक वळणाआधी तुम्ही ब्रेक कुठे लावता तिथे आडवी रेघ मारा, आणि गाडी कुठे झुकवता तिथे फुली." मला चार वळणांवर खुणा करता आल्या, त्यांतल्या दोन अंदाजाने. उरलेल्या सात वळणांवर मी ब्रेक कुठे लावत होते हे मला ठाऊकच नव्हते. भीती वाटली की लावत होते, एवढेच. प्रशिक्षकांनी कागद पाहिला, हसले नाहीत, आणि म्हणाले, "पुढच्या सेशनला वेग कमी ठेवा आणि फक्त पाचव्या वळणाच्या तीन खुणा शोधून आणा. बाकी काही करू नका."

पाचवे वळण उतारावरचे, उजवे. त्याआधी डांबराच्या दुरुस्तीचा एक काळपट चौकोन होता, ती ब्रेकची खूण झाली. डाव्या कडेच्या लाल-पांढऱ्या कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या काठावरच्या पट्टीचा, शेवट ही गाडी झुकवण्याची खूण, आणि आतल्या कर्बचा रंग उडालेला टवका ही गाडी सर्वांत आत नेण्याची, म्हणजे एपेक्सची. या तीन जागा सापडल्यावर मी मुद्दाम वेग वाढवला नव्हता, तरी ते वळण एकाएकी संथ वाटू लागले. मला वाटते, त्या दिवशी मी शिकले ते एवढेच, आणि ते पुरेसे होते. खुणा निवडण्यातही शहाणपण लागते. पुढे एकदा मी कडेला ठेवलेल्या अग्निशामक नळकांड्याला खूण मानले होते. दुपारी मार्शलने ते उचलून पुढे ठेवले आणि माझे वळणही त्याच्याबरोबर पुढे सरकले.

खुणांचे एवढे महत्त्व का, तर ताशी १८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ५० मीटर जाते, आणि पुढच्या चाकासमोरचे डांबर पाहत राहिलात तर जे दिसते त्याविषयी काहीही करायला वेळ उरलेला नसतो. खूण डोळ्याच्या टप्प्यात आली की नजर तिथून उचलून पुढच्या खुणेवर न्यायची, आणि पहिली खूण नजरेच्या कडेने ओलांडायची. हे लिहायला सोपे आहे, पण घाबरलेला डोळा ज्याची भीती वाटते त्यालाच चिकटतो आणि गाडी नजरेमागे जाते. रिकाम्या रस्त्यावर, जागा असूनही, माणसे नेमकी त्या एकाच खांबावर का जाऊन आदळतात याचे बरेचसे उत्तर यात आहे. मी स्वतः मान वळवण्याची सवय हनुवटी धरून लावली. वळणात शिरताना हनुवटी बाहेर पडण्याच्या दिशेला गेलीच पाहिजे, असा माझा नियम आहे. डोळे तिच्यामागे जातात.

ब्रेकविषयी मात्र मला जरा जास्त लिहिलेच पाहिजे, कारण अठरा वर्षांत मी जी गोष्ट सर्वांत चुकीची करत आले ती हीच होती. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. कोरडे उत्तम डांबर आणि निष्णात हात असला तरी ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला ४० मीटरच्या आसपास लागतातच, आणि त्यात आपण सावध होण्याचा वेळ धरलेला नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर दबतात, पुढचा टायर रस्त्यावर पसरून बसतो आणि त्याची पकड वाढते, तर मागचे चाक हलके होत जाते. त्यामुळे जोरात थांबताना जवळजवळ सगळे काम पुढच्या ब्रेकचे असते. पण ही पकड भार पुढे आल्यावर वाढते, आधी नाही. लिव्हर एकदम ओढला तर भार यायच्या आत चाक जाम होऊ शकते, आणि "पुढचा ब्रेक लावला की माणूस पडतो" ही समजूत तिथूनच पसरलेली असावी. स्पंज पिळावा तसा लिव्हर दाबायचा: पहिला स्पर्श हलका, मग भार येईल तसा दाब वाढवत न्यायचा, पण हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत. मोटरसायकलवर एबीएस १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत आले आणि आता ते पुष्कळ गाड्यांवर असते. ते चाक जाम होऊ देत नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ब्रेक कधी आणि किती लावायचा हे मात्र ते ठरवत नाही.

ब्रेक लावण्याइतकेच ब्रेक सोडणे अवघड आहे, हे मला ट्रॅकवर जाईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. मी वळणाआधी ब्रेक लावून तो झटकन सोडून देत असे. दबलेले शॉक उसळत आणि गाडी नेमकी झुकण्याच्या क्षणी डुचमळे. आता गाडी झुकत जाईल तसा दाब कमी करत नेते आणि एपेक्सच्या जवळपास बोट पूर्ण मोकळे होते. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. टायरची एकूण पकड ठरलेली असते. ती थांबण्यावर खर्च करा किंवा वळण्यावर, बेरीज तेवढीच राहते, म्हणून एक वाढवताना दुसरे कमी करावे लागते. पाचव्या वळणावर हे जमायला मला दोन पूर्ण ट्रॅक डे लागले.

वळण्याबाबतचे गैरसमज तर सायकलच्या काळापासूनचे आहेत. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरने अनेक सायकलस्वारांना विचारले होते की तुम्ही डावीकडे कसे वळता, आणि आपण आधी हँडल क्षणभर उजवीकडे नेतो हे त्यांतल्या कोणीही आपणहून नीट सांगितले नाही, असे त्याचे निरीक्षण होते. मोटरसायकलचेही तेच आहे: उजवीकडे झुकायचे तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची. हे काउंटरस्टिअरिंग आपण सगळेच नकळत करतो, पण जाणूनबुजून करता येऊ लागले की ऐनवेळी गाडी चटकन झुकवता येते. गाडी किती झुकू शकते याचा अंदाजही आपल्याला नसतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटरने जाताना सुमारे ३० अंशांचा झुकाव लागतो आणि ताशी ८० ला सुमारे ४५ अंशांचा. चांगल्या टायरच्या गाडीला कोरड्या डांबरावर यातला पहिला आकडा अगदीच किरकोळ आहे. रस्त्यावरचा चालक मात्र बहुधा त्याआधीच धीर सोडतो, थ्रॉटल बंद करतो, ब्रेक धरून गाडी सरळ करतो आणि वळणाबाहेर जातो. गाडीची कुवत संपायच्या आत आपली हिंमत संपते, आणि ट्रॅक या दोन्हींमधले अंतर मोजायला देतो.

गुडघा टेकवण्याविषयी सगळेच विचारतात. याआधी यार्नो सारिनेनसारखे शर्यतपटू वळणात गाडीवरून आत उतरत असत, पण गुडघा डांबराला घासण्याची पद्धत रूढ केली ती १९७८ ते १९८० सलग तीनदा ५०० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या केनी रॉबर्ट्सने. शरीर आत गेले की त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते, हा त्यातला खरा हेतू. गुडघा हे फक्त झुकाव मोजण्याचे साधन आहे. छायाचित्रासाठी गुडघा टेकवायला निघालेले लोक हँडलला लोंबकळतात आणि गाडी बिचारी भरकटते. बाहेरची मांडी टाकीला घट्ट हवी आणि हात इतके सैल हवेत की कोपर हलवता यावे. माझा गुडघा आजवर दोनदा टेकला आहे, दोन्ही वेळा मला नंतर कळले.

एकदा मी पडलेही आहे, ते सांगितले नाही तर हे लेखन अर्धेच राहील. त्या ट्रॅकवर आठ उजवी वळणे आहेत आणि तीन डावी. दुपारच्या विश्रांतीनंतरचे पहिले सेशन, टायर गार, आणि मी सकाळच्या शेवटच्या फेरीच्या तोऱ्यात निघाले. उजवी वळणे नीट गेली. पहिल्याच डाव्या वळणावर पुढचे चाक हातातून निघून गेले आणि मी गाडीमागोमाग गवतात घसरत गेले. टायरची उजवी बाजू तापली होती, डावीला अजून कामच मिळाले नव्हते. जर्मनीतल्या साक्सेनरिंगवर १३ पैकी १० वळणे डावी आहेत आणि तिथे व्यावसायिक चालकही अकराव्या, उजव्या वळणावर याच कारणाने पडत आले आहेत, हे वाचून मला पुढे थोडा दिलासा मिळाला, पण चूक निव्वळ माझीच होती. फूटपेग तुटला, क्लचचा लिव्हर वाकला, सूटच्या कोपरावरचे चामडे पांढरे झाले. आतल्या कोपराला काही झाले नाही, म्हणून सूटच्या बाबतीत मी काटकसर सुचवत नाही.

आता रस्त्यावर बेदरकार होण्याचा प्रश्न. याचे सोयीचे उत्तर असे, की वेगाची हौस ट्रॅकवर फिटते आणि माणूस रस्त्यावर शांत होतो. माझ्या बाबतीत ते खरे आहे, पण दुसऱ्या दिवसापासून. त्याच संध्याकाळी ते खरे नसते. दिवसभर त्या वेगाला सरावलेल्या डोळ्याला रस्त्यावरचा ताशी ९० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या खेपेस घरी परतताना काटा पाहून मी स्वतःच दचकले होते. तेव्हापासून गाडी टेम्पोत घालून आणते. ट्रॅकवरची लाइन, म्हणजे वळणातून गाडी नेण्याची वाटही, रस्त्यावर आणायची नसते, कारण तिथे रस्त्याची पूर्ण रुंदी आपली नसते आणि आंधळ्या वळणापलीकडे वाळू, गुरे किंवा उलटा आलेला ट्रक असू शकतो. रस्त्यावर आणायची ती नजर, ब्रेकची बोटे आणि वळणात न दचकणारा थ्रॉटल. त्या जोरावर मी आता घाटात पूर्वीपेक्षा हळू जाते, कारण मला किती दिसते आहे आणि तेवढ्यात मला थांबता येईल का, याचा हिशेब आता करता येतो.

उरला शेवटचा प्रश्न, जो खरे तर सर्वांत जास्त विचारला जातो: आधी मोठी गाडी घेऊ आणि मग येऊ का? असे करू नका. आहे ती गाडी आणा. तिचे टायर, ब्रेक पॅड आणि चेन ठीक असेल तर बाकी सायलेन्सर वगैरे बदलण्यावर घालवलेला पैसा मला वायाच वाटतो. लहान गाडीवर चुका लपत नाहीत. मोठ्या गाडीवर सरळ रस्त्यावर ताकद लावून त्या भरून काढता येतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात. आदल्या रात्री झोप घ्या, पाणी भरपूर प्या, आणि शेवटच्या सेशनला थकवा जाणवला तर जाऊ नका. मी बहुधा जात नाही. त्या वेळी मी सूटची चेन उघडून सावलीत बसते आणि नकाशाच्या कागदावर रेघा मारते. परवाच्या खेपेस अकरापैकी नऊ वळणांवर मारता आल्या.