कुंडलिकेकाठी तंबूतला मुक्काम: माझा अनुभव

कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी तंबूत एक रात्र काढायची, असे आमच्या दादरच्या सोसायटीतील काही कुटुंबांनी ठरवले आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. इतरांचे प्रश्न जेवण, स्वच्छतागृह आणि माणशी दर यांविषयी होते, तर माझा पहिला प्रश्न नदीला पाणी केव्हा येते, हा होता. भर मे महिन्यात सह्याद्रीतील बहुतेक नद्या आटलेल्या असताना कुंडलिकेत राफ्टिंग चालते, ते वीजनिर्मितीमुळे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात येते. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी उभारलेले हे केंद्र 1927 मध्ये सुरू झाले. वीज तयार झाल्यावर बाहेर पडणारे पाणी पुढे कुंडलिकेत येते आणि राफ्टिंगच्या वेळाही त्यावरच ठरतात. त्यामुळे आकाश निरभ्र असले तरी पात्र भरू शकते.

एका आयोजकाने या प्रश्नावर स्वागताच्या सरबतापासून रात्रीच्या डीजेपर्यंतची यादी पाठवली. (रानात डीजे कोणाला हवा असतो, हे मला अजूनही उमगलेले नाही.) दुसऱ्याने मात्र पाणी बहुधा सकाळी सुटते, नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळवतो आणि तंबू वरच्या टप्प्यावरच लावतो, असे सरळ सांगितले. आम्ही त्याच्याकडे नोंदणी केली.

पनवेल, पेण, नागोठणे या मार्गाने दुपारी पोहोचलो. त्या महामार्गाविषयी कोकणात जाणाऱ्यांना मी नव्याने काही सांगायला नको. पाण्यालगतची सपाट जागा पाहून शेजारच्या काकूंनी तंबू तिथेच हवा असा आग्रह धरला, तेव्हा तिथला दादा म्हणाला, “काकू, पाय बुडवून खुशाल बसा, पण झोपायला वर चला.” त्याने एका करंजाच्या खालच्या फांद्या दाखवल्या. गुडघाभर उंचीवर त्यांत वाळका पाला आणि प्लॅस्टिकची एक चिंधी गुंतून बसली होती. शेजारच्या खडकावरही तेवढ्याच उंचीवर रेघ होती, खाली काळपट शेवाळ आणि वर कोरडी पांढरट धूळ. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही.

तंबू लावताना खुंट्या तंबूपासून बाहेर कललेल्या ठोकाव्यात, खालच्या ताडपत्रीची कड तंबूबाहेर राहू देऊ नये, नाहीतर दव आणि पाणी तिच्यावर साचून आत झिरपते, आणि वारा खेळण्यासाठीच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवाव्यात, असे त्याने मुलांकडून करवून घेतले. झडपा बंद राहिल्या तर श्वासातील वाफेचे कापडावर पाणी होऊन ते पहाटे अंगावर ठिबकते. कोकणात फुरसे (एक विषारी साप) बरेच आढळते. ते लहान, मातीच्या रंगाचे आणि रात्री हिंडणारे असते, म्हणून बूट तंबूत घेणे आणि अंधारात बॅटरीचा झोत पावलांपुढे ठेवणे, हे दोन नियम मी सर्वांना सक्तीचे केले.

सकाळी पाणी आले. संध्याकाळी ज्या दगडांवर बसून भेळ खाल्ली होती, ते पाहता पाहता दिसेनासे झाले. राफ्टिंगपूर्वी वाटाड्याने प्रत्येकाचे लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढले आणि जे कानांपर्यंत आले, त्याचे पट्टे पुन्हा आवळले. पाण्यात पडल्यास पाठीवर आडवे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात उभे राहू नये, कारण पाऊल दगडांत अडकले तर प्रवाह माणसाला खाली दाबून धरतो, हे त्याने दोनदा सांगितले. हेल्मेट नको म्हणणाऱ्या आमच्यातील एका तरुणाला त्याने शांतपणे काठावर बसवले. तो थोड्याच वेळात हेल्मेट घालून आला.

जाणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच एक गोष्ट लेखी घ्यावी. वीजकेंद्रातून पाणी सुटले नाही, तर राफ्टिंग होत नाही. त्या दिवशी पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे आधीच ठरलेले असावे. पावसाळ्यात सोडलेल्या पाण्यात डोंगरावरून येणारे पाणीही मिसळते, तेव्हा ती करंजावरची खूण मानून चालू नये आणि मुक्काम काठापासून दूर, पक्क्या छपराखालीच करावा.