बोबडा फोन

"दादा, फोन बोबडा बोलायला लागलाय."

चार दिवसांपूर्वी मीच दुरुस्त केलेला फोन होता तो. पाण्यात पडून आलेला. बोर्ड वाचला, व्हायब्रेशनची मोटर मात्र गंजून गेली होती, ती बदलली. बोबडा म्हणजे स्पीकर, असं धरून मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. आवाज स्वच्छ होता.

"आवाज नाही हो. बोटाला बोबडं लागतंय."

मागच्या खेपेला फोन त्यांचा भाऊ देऊन गेला होता, म्हणून मला माहीत नव्हतं. बाईंना दिसत नाही.

सर्व्हिस मेनूत जाऊन मी व्हायब्रेशनची टेस्ट लावली. फोन घरघरला. पास. ही टेस्ट म्हणजे फोन नुसता हलतो की नाही, एवढंच बघणं. ज्याने ती लिहिली त्याने स्क्रीनकडे न बघता फोन एकदा तरी वापरला असेल, असं मला वाटत नाही. मागून सहकारी हळूच म्हणाला, "मनाचे खेळ." बाईंनी ते ऐकलं, पण त्याला उत्तर न देता मलाच समजावून सांगितलं. त्या टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर, फोन चालवतात. स्क्रीनवरून बोट फिरताना प्रत्येक गोष्टीला बारीक ठोका लागतो, बटणाचा निराळा, नुसत्या मजकुराचा निराळा. गर्दीत बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा सगळी मदार त्या ठोक्यांवर. "आधी फोन टिचकी मारायचा. आता कुरवाळतो."

यापेक्षा नेमकी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही.

जुन्या फोनमध्ये दांड्याला एका बाजूने जड वजन लावलेली मोटर असायची. ती फिरली की फोन थरथरायचा. पण तिला वेग घ्यायला वेळ आणि थांबायलाही वेळ, त्यामुळे टिचकी तिच्याकडून होतच नाही. या फोनमध्ये होती लिनिअर मोटर. हिच्यात फिरणारं काही नाही. स्प्रिंगवर वजनासकट चुंबक बसवलेलं असतं आणि कॉइल त्याला मागे-पुढे ढकलते. झोपाळाच समजा. त्याची स्वतःची एक लय असते, बहुतेक मोटरींची सेकंदाला दीडशे ते अडीचशे हेलकाव्यांच्या मधली कुठलीतरी. त्या लयीत ढकललं तर थोड्या करंटवर जोरात हलतो. चार-पाच हर्ट्‌झनी म्हणजे सेकंदाला तेवढ्या हेलकाव्यांनी चुकलात तरी जोर उतरतो. आणि खरं कसब थांबवण्यात आहे. मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप नेमक्या क्षणी उलटा धक्का देऊन चुंबक जागच्या जागी रोखते. टिचकी म्हणजे सुरुवात नव्हे, हा थांबाच. तो नीट जमला की बोट खुशाल फसतं. आयफोन ७ चं होम बटण, २०१६ सालचं, दबतच नाही. दबल्याचा भास मोटर देते. फोन बंद असताना ते दाबून "बटण गेलं" म्हणत आलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

मी बसवलेली मोटर कॉम्पॅटिबल होती. कॉम्पॅटिबल म्हणजे मापाने खाचेत बसते, फ्लेक्स, म्हणजे जोडणीची लवचिक पट्टी, जुळतो, मल्टिमीटरवर कॉइलही ठीक दाखवते. तिची लय कोणती, हे पाकिटावर कुणी छापत नाही आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुपारी दुकानात शांतता झाल्यावर फोनच्या पाठीवर थरथरीची वीज करणारी पिएझोची चकती चिकटवली आणि तिची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडली. शेजारी त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटून पडलेला एक डोनर फोन, सुटे भाग काढायला ठेवलेला. डोनरच्या मोटरची लहर उठली आणि दोन-तीन हेलकाव्यांत मेली. माझ्या मोटरची उठली अर्धवट, आणि मग शेपूट ओढत बसली. ड्रायव्हर जुन्याच लयीच्या हिशेबाने ब्रेक मारत होता, त्यामुळे अर्ध्या वेळेला ब्रेकच धक्का ठरायचा. लागोपाठ दोन ठोके दिले, तर पहिल्याचं शेपूट दुसऱ्यात मिसळून जात होतं. बोबडंच ते. मी दोन्ही फोन आलटून पालटून अंगठ्याखाली धरले, खूप वेळ. एवढं पडद्यावर दिसत असूनही मला फरक जेमतेम कळला. वर्षानुवर्षं सोल्डरिंग आयर्न धरून माझी बोटं निबर झाली आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

डोनरची मोटर काढून बसवली. संध्याकाळी बाई आल्या, उभ्या उभ्या दोन मिनिटं स्क्रीनवर बोट फिरवलं.

"आता बोलतोय नीट. फक्त मूळच्यापेक्षा थोडा जाड आवाजाचा आहे. असू दे, सवय होईल."

त्या गेल्यावर मी स्कोपमध्ये जतन केलेल्या लहरी पुन्हा उघडल्या. त्यांच्या मूळच्या मोटरची लहर माझ्याकडे नव्हतीच, ती तर गंजून कचऱ्यात गेली. त्यामुळे 'जाड' म्हणजे नक्की किती, हे मला कधीच कळणार नाही.

त्याच पाकिटातल्या सात मोटरी मी त्याआधी सात फोनमध्ये बसवल्या आहेत. सातही जॉब शीटवर माझ्या अक्षरात लिहिलंय, 'व्हायब्रेशन ओके'. दुकानाच्या मालकांना सांगितलं, हे पाकीट परत पाठवू या. ते म्हणाले, "बाकी कुणाची तक्रार आली का?"

नाही आली. उरलेल्या तीन मोटरी मी वेगळ्या डबीत ठेवल्या आहेत आणि डबीवर अजून काहीच लिहिलेलं नाही.