नमुना उलटा फिरवला तेव्हा

त्या दिवशी सकाळी ताण-चाचणीत ओढलेले पाचही नमुने वरच्या टॅबच्या (मशीनला नीट पकडता यावे म्हणून टोकाला चिकटवलेल्या तुकड्याच्या) कडेलाच तुटले. एकाच दिशेने तंतू असलेल्या कार्बन-इपॉक्सी लॅमिनेटच्या (कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांचे थर एकजीव केलेल्या मालाच्या) १५ मिमी रुंद, १ मिमी जाड पट्ट्या होत्या त्या. अशी पट्टी नीट तुटते तेव्हा सुमारे ३० किलोन्यूटनला दणका बसतो आणि मधल्या भागातले तंतू केरसुणीसारखे पिंजारतात. इथे २४ किलोन्यूटनलाच आडवी मोड आली आणि टॅबच्या खाली उरलेली पट्टी जवळपास जशीच्या तशी राहिली. एएसटीएम डी३०३९ या मानकाच्या भाषेत पाचही नोंदी ‘एलएटी’, म्हणजे आडवी, टॅबशी, वर.

दुपारपर्यंत संशय मालावर गेला होता आणि नापसंतीचा अहवाल लिहायची तयारी सुरू झाली होती. मला ते पटेना, कारण दोन्ही पृष्ठांची सरासरी घेणाऱ्या एक्स्टेन्सोमीटरने (लांबीतली वाढ मोजणाऱ्या उपकरणाने) दिलेला लवचिकता गुणांक, म्हणजे मालाच्या ताठपणाचे माप, १३५ गिगापास्कल, अपेक्षेइतकाच होता. तंतू कमी पडले असते किंवा त्यांची दिशा चुकली असती, तर हा आकडाही घसरला असता.

म्हणून एका नव्या पट्टीच्या दोन्ही पृष्ठांवर समोरासमोर स्ट्रेन गेज, म्हणजे त्या जागी पट्टी किती ताणली गेली ते मोजणारे पातळ संवेदक, चिकटवले. (पृष्ठभाग घासून पुसण्यातच निम्मा वेळ जातो आणि तिथे घाई केली तर गेज खोटे बोलतो.) भार ४ किलोन्यूटन असताना पुढच्या गेजवर २२५० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दर दहा लाख भागांमागे २२५० भाग वाढ) होते, तर मागच्यावर १७५०. म्हणजे वाकण्याचा वाटा (फरकाचा निम्मा भाग भागिले सरासरी) १२.५ टक्के, ३ ते ५ टक्क्यांच्या पलीकडे तो मी सहसा जाऊ देत नाही. पण पट्टीच मुळात वाकडी असेल तर? भार उतरवून तीच पट्टी पुढचे मागे करून पुन्हा पकडली. आता जास्त आकडा दुसऱ्या गेजवर दिसू लागला, म्हणजे जास्त विकृती (लांबीतली वाढ) मशीनच्या पुढच्याच बाजूला राहिली. पट्टी फिरली तरी दोष जागचा हलला नव्हता.

वरची ग्रिप (पट्टी धरणारी पकड) उघडली, तेव्हा पुढच्या जबड्यामागच्या उतारावर आधीच्या चाचण्यांचा कार्बनचा चुरा ग्रीसमध्ये थापून बसलेला सापडला. जबडा त्यावर तिरका बसत होता आणि पट्टीला वाकवत होता. साफसफाईनंतर त्याच पट्टीवर दोन्ही गेजमधला फरक ६० मायक्रोस्ट्रेनवर आला. नापसंतीचा अहवाल बाजूला ठेवून मी नमुन्यांचा नवा संच मागवला.