मृत्यूच्या दारातून परतलेले आणि ख्रिस्ती आशा

हृदय थांबून पुन्हा सुरू झालेला एखादा रुग्ण सांगतो की आपण छताजवळून स्वतःचा देह पाहिला, अंधाऱ्या वाटेने प्रकाशाकडे गेलो आणि तिथे आपले दिवंगत आप्त भेटले, तेव्हा ख्रिस्ती श्रोत्यांमध्ये बहुधा दोन तट पडतात. काहींना तो स्वर्गाचा पुरावा वाटतो, तर काहींना त्यात सैतानाचा कावा दिसतो, कारण सैतान स्वतः तेजस्वी देवदूताचे सोंग घेतो असे प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातील मंडळीला, लिहिले आहे. मी या दोन्ही तटांपासून दूर राहतो. हे अनुभव मरणाच्या वाटेविषयी काही सांगत असतीलही, पण ख्रिस्ती माणसाची आशा त्यांच्यावर उभी नाही आणि तशी उभी करू पाहिली की ती दुबळी होते, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील रेमंड मूडी यांनी १९७५ मध्ये अशा कथनांमधील साम्ये एकत्र मांडली आणि ‘मृत्युसमीप अनुभव’ ही संज्ञा रूढ झाली. त्यानंतरचा सर्वांत काटेकोर अभ्यास मला नेदरलँड्समधील पिम व्हान लोमेल यांचा वाटतो. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला, हृदय किती वेळ थांबले होते किंवा रुग्णाला आधीपासून मरणाची भीती वाटत होती का, याच्याशी त्या अनुभवाचा संबंध आढळला नाही. देहाबाहेरून पाहिल्याचा दावा पडताळण्यासाठी डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने रुग्णालयांमध्ये केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे उंच फळ्यांवर ठेवली होती, परंतु २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या फळ्यांवरचे चित्र पाहिल्याचे एकाही रुग्णाने सांगितलेले नव्हते. मिशिगनमधील संशोधकांना २०२३ मध्ये मरणासन्न अशा चार रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत अखेरच्या क्षणी विद्युत लहरींची तीव्र उसळी आढळली. मात्र ते रुग्ण दगावल्यामुळे त्यांनी काय अनुभवले हे कोणालाच कळले नाही. एवढ्यावरून ‘हा केवळ मेंदूचा खेळ’ असा निवाडा देणेही घाईचेच, कारण शरीरात काही घडत असल्याने त्यात देव बोलत नाही असे सिद्ध होत नाही.

मला अधिक विचार करायला लावते ती या अनुभवांची विविधता. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातील १६ प्रकरणे अभ्यासली. त्यांत दूतांनी नेल्याची आणि ‘हा तो नव्हे, दुसऱ्याला आणायचे होते’ असे म्हणून परत पाठवल्याची कथने वारंवार आढळली. हे वाचून ख्रिस्ती वाचक सहज म्हणेल की ही आपल्याकडची गोष्ट नाही. परंतु रोमचा बिशप थोर ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘संवाद’ या ग्रंथात हुबेहूब असाच प्रसंग नोंदवला आहे. स्तेफन नावाचा एक गृहस्थ मरण पावतो, न्यायाधीशापुढे उभा राहतो, ‘मी लोहार स्तेफनला आणायला सांगितले होते’ असे शब्द त्याच्या कानी पडतात, तो जिवंत होतो आणि त्याच वेळी लोहार स्तेफन मरतो. ग्रेगरीच्या मते ही चूक नसून जिवंत माणसाला दिलेला इशारा होता. त्याचे हे स्पष्टीकरण मला काहीसे ओढूनताणून केलेले वाटते, पण या प्रसंगावरून एक गोष्ट दिसते: पाहणाऱ्याच्या मनातील चित्रे अनुभवाला आकार देतात आणि ख्रिस्ती माणूसही त्याला अपवाद नसतो.

इंग्लंडमधील बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात ड्रिटहेल्म नावाच्या नॉर्थंब्रियातील गृहस्थाची हकीकत दिली आहे. तो रात्री मरण पावला आणि पहाटे उठून बसला; भोवती शोक करणारे पळून गेले, फक्त पत्नी थांबली. त्याने आपल्या मालमत्तेचे तीन वाटे केले, एक पत्नीला, एक मुलांना आणि एक गरिबांना दिला आणि तो मेलरोझच्या मठात गेला. आपण पाहिलेले त्याने सरसकट कोणाला सांगितले नाही. ज्यांना त्यातून पश्चात्तापाची प्रेरणा मिळेल असे त्याला वाटले, त्यांनाच सांगितले. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या नदीत उभा राहून तो प्रार्थना करी आणि ही थंडी कशी सोसतोस असे कोणी विचारले की ‘याहून कडाक्याची थंडी मी पाहिली आहे’ एवढेच म्हणे. आज स्वर्ग पाहून आल्याची कथने पुस्तकरूपाने लाखोंनी खपतात. त्यांपैकी एका मुलाने २०१५ मध्ये आपण ते सारे रचून सांगितल्याचे कबूल केले आणि प्रकाशकाला ते पुस्तक मागे घ्यावे लागले. ड्रिटहेल्मचा संयम मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

पवित्र शास्त्रातही हाच संयम आहे, किंबहुना तो अधिक कडक आहे. बेथानीचा लाजार चार दिवस कबरेत होता. नाईन गावच्या विधवेचा मुलगा, याईराची मुलगी, यापोची टबीथा हे सारे मरणातून परत आले, पण पलीकडे काय पाहिले याविषयी त्यांच्यापैकी एकाचाही शब्द नोंदवलेला नाही. लाजाराला पाहायला लोकांची गर्दी झाली आणि मुख्य याजकांनी त्यालाही ठार मारण्याचा विचार केला हे योहान सांगतो. लाजार काय म्हणाला ते सांगत नाही. पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या माणसाविषयी लिहितो, बहुतेक स्वतःविषयीच, तेही १४ वर्षांनंतर आणि करिंथकरांनी भाग पाडले म्हणून. ते देहात घडले की देहाबाहेर हे आपल्याला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे, असे तो दोनदा म्हणतो आणि तिथे ऐकलेले शब्द माणसाने उच्चारू नयेत असे सांगून लगेच आपल्या ‘शरीरातील काट्याकडे’, म्हणजे स्वतःला छळणाऱ्या व्यथेकडे, वळतो.

या मौनाचे कारण ख्रिस्ती आशेच्या स्वरूपातच आहे. देहातून सुटलेला आत्मा प्रकाशात विहरत राहील एवढीच ती आशा असती, तर मृत्युसमीप अनुभव तिला साजेसे ठरले असते. पण प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या जाहीर कबुलीत, आपण देहाचे पुनरुत्थान कबूल करतो. लाजार परत आला तो पुन्हा एकदा मरण्यासाठी. ख्रिस्त उठला तो पुन्हा कधीही न मरण्यासाठी. हृदय पुन्हा सुरू झालेला रुग्ण लाजाराच्याही अलीकडे आहे, कारण तो मरणाच्या सीमेपर्यंत गेला आणि वळला. त्याच्या कथनातून आपल्याला मरणे कळेल, मृत्यूचा पराभव कळणार नाही.

शिवाय अनुभवाने विश्वास उत्पन्न होतोच असे नाही. नास्तिक ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचे हृदय १९८८ मध्ये चार मिनिटे थांबले होते. त्यांना एक असह्य लाल प्रकाश दिसला आणि त्याविषयी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही, पण ते नास्तिकच राहिले. लूकच्या शुभवर्तमानात अधोलोकातील श्रीमंत माणूस आपल्या भावांकडे मेलेल्याला पाठवण्याची विनवणी करतो, तेव्हा अब्राहाम म्हणतो की ते मोशे व संदेष्टे यांचे ऐकत नसतील, तर मेलेल्यांतून कोणी उठला तरी त्यांची खात्री होणार नाही.

मंडळीमध्ये कोणी असा अनुभव सांगू लागला, तर त्याला लगेच व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करू नये, आधी निवांतपणे ऐकावे. काहींचे अनुभव भयावह असतात. ब्रूस ग्रेसन आणि नॅन्सी इव्हान्स बुश यांनी १९९२ मध्ये अशा ५० कथनांचे विवेचन केले आहे. त्या माणसाला ‘तू नरक पाहिलास’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि ज्यांना काहीच आठवत नाही त्यांच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. व्हान लोमेल यांच्या अभ्यासात असे २८२ जण होते. मरणाच्या दारातून परतलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याला, मला काहीच का दिसले नाही, माझा विश्वास उणा आहे का, असा प्रश्न सतावत असेल, तर मी त्याला वधस्तंभावरच्या चोराची आठवण देईन. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे त्याने ऐकले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आकाश उघडलेले नव्हते. शेजारी खिळलेला, त्याच्यासारखाच मरत असलेला येशू होता.