एलडीएलच्या रकान्यातील आडवी रेघ

माझ्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीच्या, अहवालात एकूण कोलेस्टेरॉल 252, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) 36 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) 438 असे आकडे छापून आले होते. मात्र डॉक्टरांना जो आकडा मुख्यतः पाहायचा होता, त्या एलडीएलसमोर, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलसमोर, नुसती आडवी रेघ होती. फोंड्यातील त्या लॅबच्या काउंटरवर विचारले, तर "मशीनने दिलेले नाही, डॉक्टरांना विचारा" एवढेच उत्तर मिळाले. संध्याकाळी दवाखान्यात नंबर लागल्यावर डॉक्टरांनी "आकडा लॅबनेच द्यायला हवा" असे सांगून परत पाठवले. लॅबमध्ये पुन्हा रांग, पुन्हा तेच उत्तर, आणि वर पुन्हा पैसे भरण्याचा सल्ला. माझे वडील पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले. अशा घरातल्या माणसाला ती रेघ किती छळते, याची काउंटरवर कोणालाच कल्पना नसावी. आजही ते आठवले की चीड येते, कारण उत्तर दोन वाक्यांचे होते.

ते अखेर आतून बाहेर आलेल्या एका टेक्निशियन बाईंनी दिले. माझ्याच पावतीच्या मागे पेनने वजाबाकी मांडून त्यांनी सांगितले की, अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून आधी पूर्ण एचडीएल आणि मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून तो आकडा काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की हे गणित भरवशाचे राहत नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडतात. अशा वेळी 'डायरेक्ट एलडीएल' ही वेगळी तपासणी करावी लागते. ती केली, तेव्हा आकडा 151 आला. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच एलडीएल मोजणार की गणिताने काढणार, हे विचारून घ्यावे. शिवाय एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरणारा आकडा, माझ्या बाबतीत 216, घरबसल्या काढता येतो आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले असतानाही उपयोगी पडतो.

पुढचे सारे सुरळीत झाले. स्टॅटिनची गोळी सुरू झाली. तिच्यामुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होते आणि यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. खोबरेल तेलात संपृक्त चरबी सुमारे 90 टक्के असल्याने ते स्वयंपाकातून काढले. बांगड्याचे हुमण (माशाची आमटी) मात्र खोबरे कमी करून, तिरफळे घालून चालूच ठेवले आहे, कारण बांगड्यातील ओमेगा-3 हृदयाला हितकारक असते. ट्रायग्लिसराइडसाठी साखर, मैदा आणि दारू यांवर लगाम हवा. तीन महिन्यांनी एलडीएल 84 आले, याचा मला अभिमान वाटतो.

एक सांगायचे राहिले: ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल, तर फेरतपासणीचे रक्त दहा-बारा तास उपाशी राहून द्यावे, पाणी चालते, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) गोड नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, दिवसांत ते देऊ नये. आकडा सुधारला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि स्नायू दुखू लागले तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे.