जांभळ्या उजेडात दाढ

"काकू, ही दाढ किडलेली नाही, किडायच्या वाटेवर आहे."

दातांच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर माझीच दाढ. जांभळा उजेड पडला की निरोगी दात हिरवट चमकतो. माझ्या दाढेवर मात्र एक काळपट सावली, म्हणजे तिथली खनिजं झिजलेली. आणि कडेला जंतूंचा लालसर थर. सकाळीच घासले होते हो!

भोक पडलेलं नाही, म्हणून ड्रिल नाही. फ्लोराइडचा लेप लावला. बाकी काम लाळेतलं कॅल्शियम करणार. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो, सावली फिकटली का बघायला.

तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं म्हणे. गोड खाल्लं की तेच होतं.

बाहेर पडले, तर कोपऱ्यावर जिलेबीचा घाणा. इंदूरात राहून नुसते पोहे खायचे?

अर्धी चालेल ना?