सुपारीएवढी गाठ

ग्वाल्हेरची जानेवारी. शहराच्या लष्कर भागातल्या एक काकू स्टीलच्या डब्यात नातवाचं कासव घेऊन आल्या. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली जात, वजन 340 ग्रॅम. डावीकडे कानाच्या पडद्यावर सुपारीएवढी गाठ, दोन्ही पापण्या सुजून मिटलेल्या. "अहो डॉक्टर, दुकानदार म्हणाला, थंडीत झोपतंय."

झोपलं नव्हतं. दिसत नव्हतं, म्हणून खात नव्हतं.

खाणं काय, तर वर्षभर फक्त सुकी कोळंबी. म्हणजे जीवनसत्त्व अ जवळपास नाहीच. ते नसलं की पापण्यांच्या ग्रंथींचं आणि कानाचं अस्तर जाड होऊन सोलतं, साचतं, त्यात जंतू वाढतात. टाकीत चढून बसायला दगड नाही, पाणी 17 अंश. उन्हासाठी टाकी खिडकीशी ठेवलेली, पण काच अतिनील किरण अडवते.

गाठीवर सुईची खूण होती. कुणीतरी पू ओढून पाहिला होता. कासवाचा पू पनीरासारखा घट्ट असतो, सुईत येतच नाही. पशुवैद्याला एवढं ठाऊक असायलाच हवं. त्याहून वाईट म्हणजे मानेची कातडी पापुद्र्यांनी सुटत होती. पंधरा दिवसांपूर्वी जीवनसत्त्व अ ची दोन इंजेक्शनं झाली होती. निदान बरोबर, मात्रा जीवघेणी. ते आहारातून, सावकाश द्यायचं असतं.

गार कासवाची भूल लवकर उतरत नाही, म्हणून आधी दोन दिवस 28 अंशांवर ठेवलं. मग पडद्याच्या खालच्या कडेला चंद्रकोरीसारखा छेद. गोळा अखंड निघाला, हरभऱ्यापेक्षा मोठा. कान आतून घशाला जोडलेला असतो, त्यामुळे डोकं खाली ठेवूनच सलाइननं धुतलं. टाके घालायचे नाहीत. आतून भरत येईपर्यंत जखम उघडी हवी. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे इथे 6.8, दर 72 तासांनी. टोचायचं पुढच्या पायात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, आणि औषध अंगात पसरण्याआधीच बाहेर पडू शकतं.

काकूंना सांगितलं: रोज जखम धुवायची, कासव कोरडं आणि उबदार ठेवायचं, पाण्यात दिवसातून तासभरच, कारण ते पाण्याशिवाय गिळत नाही. पुढे काट्यासकट छोटे मासे, किसलेलं गाजर, लाल भोपळा. बसायच्या जागी 31-32 अंश आणि अतिनील किरणांचा दिवा.

सहाव्या दिवशी डावा डोळा उघडला. उजवा पडदा मात्र किंचित फुगलाय. आत गोळा बनला असेल तर आहारानं विरघळणार नाही. नुसती सूज असेल तर, कातडी सोलत असताना, पुन्हा भूल द्यायला मन धजत नाही. शनिवारी परत बोलावलंय.